माहीत असून घेतलेलं इंजेक्शन

माझ्या सासूबाईंच्या डाव्या पायाचं प्लास्टर निघालं, त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पहिली चौकशी केली ती मंगळवारच्या एसटीच्या वेळेची. सहा आठवडे त्या घरात अडकून पडल्या होत्या. दर मंगळवारी मानोरा रस्त्यावरच्या दोन-तीन गावांत जायचं आणि तिथल्या बायकांचे अर्ज लिहून द्यायचे, हा त्यांचा दोन वर्षांचा नेम मोडला होता.

हे २००६ सालच्या डिसेंबरातलं. आम्ही दिग्रसला राहतो. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं ते वाचवत नसे. सरकारच्या योजना एकामागून एक यायच्या आणि प्रत्येक योजनेचा एक अर्ज असायचा. निराधार योजनेचा, मुलीच्या शिष्यवृत्तीचा, रेशनकार्डावर नाव चढवायचा. एक रकाना चुकला की अर्ज परत. सासूबाईंनी, म्हणजे रत्नप्रभाबाईंनी, लिहिलेला अर्ज परत आला असं कधी झालं नाही. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. अक्षर छापल्यासारखं होतं. अट एकच, अर्जात खोटं लिहायचं नाही. एकदा एका बाईनं वय दोन वर्षं वाढवून लिहा म्हटलं, तर यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद तिच्या हातात परत दिला. मग खरं वय लिहून, दुसऱ्या योजनेत ती बसते का हे शोधायला तहसीलमध्ये चार चकरा मारल्या.

अशाच एका मंगळवारी परतताना दिग्रसच्या स्टँडवर एसटीतून उतरताना पाय मुरगळला आणि घोट्याचं हाड मोडलं.

प्लास्टर शुक्रवारी निघालं. रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. डावा पाय पोटरीपासून मांडीपर्यंत सुजला होता, कातडी ताणून चमकत होती आणि रंग निळसर वाटत होता. माझे सासरे नंदकिशोर देशमुख, म्हणजे बाबा, कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. त्यांनी मोजमाप घेण्याचा टेप आणला. डावी पोटरी उजवीपेक्षा दीड इंचानं जास्त भरली. ते म्हणाले, प्लास्टरनं रक्त थांबलं असेल, चोळलं की मोकळं होईल. मी तिळाचं तेल गरम करून वाटी घेऊन आले.

तेवढ्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या हंसाबाई राठोड आल्या. त्या उपकेंद्रात नर्स होत्या. रविवारचा पेपर वाचायला आमच्याकडे यायच्या, पण ओट्यावर बसून वाचायच्या आणि तिथूनच जायच्या. त्या दिवशी त्यांनी दारातून आत पाहिलं आणि चप्पल काढून सरळ खोलीत आल्या. पायाला हात लावून पाहिला. मग माझ्या हातातली वाटी घेऊन खाली ठेवली.

"चोळू नका," त्या म्हणाल्या. "एक बोट पण फिरवू नका. गाडी पाहा आन् यवतमाळले न्या. आताच."

त्यांचा आवाज एवढा शांत होता की बाबांनी एक प्रश्नही विचारला नाही. तासाभरात आम्ही सुमोत होतो. मागच्या सीटवर सासूबाई, आमच्या आई, पाय लांब करून, आणि त्यांचं डोकं माझ्या मांडीवर.

यवतमाळच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली आणि मग औषधाच्या चिठ्ठीच्या मागे एक नळी काढून दाखवली. मांडीतल्या खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. पाय दीड महिना हलला नाही, म्हणून रक्त संथ झालं आणि गोठलं. गुठळी आहे तिथं राहिली तर पाय सुजतो, एवढंच. तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात गेला तर माणूस बोलता बोलता जातो. तेलानं चोळलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. हंसाबाईंनी खाली ठेवलेली ती वाटी मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

उपचार म्हणजे हेपॅरिनच्या जातीचं इंजेक्शन, दिवसातून दोनदा, पोटाच्या कातडीत. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या जोडीला रक्त पातळ ठेवायची गोळी. गोळीचा अंमल बसायला पाच-सहा दिवस लागतात, तोवर इंजेक्शन सोडायचं नाही. गोळी मात्र सहा महिने. चौथ्या दिवशी त्यांनी घरी सोडलं. इंजेक्शन द्यायला कुणी आहे का, असं विचारलं, तेव्हा आईच म्हणाल्या, "आमच्या मागे हंसाबाई आहेत."

घरी आल्यावर मी औषधं कपाटात लावत होते. इंजेक्शनच्या खोक्यात घडी घातलेला पातळ कागद होता. पोस्टाच्या खिडकीमागे बसून बसून मला छापील बारीक अक्षरं वाचायची सवय लागली आहे, त्यामुळे तो उघडला. कागद इंग्रजीत होता. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की हे औषध डुकराच्या आतड्याच्या आतल्या अस्तरापासून काढतात.

आमच्या घरात याचा अर्थ काय होता ते सांगायला हवं. आई माहेरच्या महानुभाव. लहानपणीच त्यांनी पंथाचा उपदेश घेतला होता आणि तेव्हापासून मांसाहार वर्ज्य होता. अंडं घातलेला केक त्यांनी कधी चाखला नाही. कॅप्सूलचं आवरण जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात हे वाचल्यापासून त्या कॅप्सूल उघडून आतली पूड मधातून घ्यायच्या. कुणाला उपदेश करायच्या नाहीत, पण स्वतःचं कधी ढिलं पडू द्यायच्या नाहीत.

मी कागद बाबांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. अभिषेकला, म्हणजे कामानिमित्त पुसदला असलेल्या माझ्या नवऱ्याला, फोन केला. तोही म्हणाला, चार दिवसांचा प्रश्न आहे, सांगू नका. तिनं नाही म्हटलं तर? मला बरं वाटलं नाही. पण मीही गप्प बसले, आणि त्यात माझा वाटा बाकीच्यांएवढाच होता.

राहिल्या हंसाबाई. बाबांनी त्यांना ओट्यावर गाठून हळूच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी आपण होऊन नाही सांगणार, भाऊ. पन बाईनं मले इचारलं तर मी लबाड बोलणार नाही. मंग मले दोष देऊ नका."

त्यांना तसं वागायला कारण होतं. मला ते नंतर कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका तांड्यावर त्यांनी बाळांना लस दिली होती आणि आयांनी विचारल्यावर, ताप येत नाही, असं सांगितलं होतं. काम लवकर उरकावं म्हणून. रात्री सगळ्या बाळांना ताप भरला. तो उतरलाही, पण पुढचं वर्षभर त्या तांड्यावर त्यांना कुणी दार उघडलं नाही. त्या स्वतः तांड्यावरच्या, बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलणाऱ्या, तरी कुणी उघडलं नाही.

सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला त्या यायच्या. हात धुवायच्या, आईंच्या पोटाची कातडी चिमटीत धरायच्या, बेंबीपासून दोन बोटं लांब, आणि सुई सरळ आत. नंतर चोळायचं नाही हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. वीस वर्षं इंजेक्शननंतर कापसानं चोळत आलेला त्यांचा हात आपोआप पुढं व्हायचा आणि मग त्या तो मागे घ्यायच्या. आई हसायच्या. पोटावर निळे डाग पडत होते, पण पायाची सूज रोज थोडी उतरत होती. बाबा रोज टेपनं मोजून कॅलेंडरवर आकडा लिहायचे. त्या हंगामात केंद्र उशिरा उघडलं होतं आणि गाड्याही मोजक्याच यायच्या, त्यामुळे दुपारी बाराला ते घरी असायचे. कापसाचा पुंजका दोन अंगठ्यांत ओढून धाग्याची लांबी सांगणारा माणूस, आता पोटरीवर टेप धरून बसायचा.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खोलीत गेले तेव्हा आईंनी हंसाबाईंना प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. वर्गातल्यासारखेच, एकामागून एक.

हे औषध गुठळी विरघळवतं का? हंसाबाईंनी सांगितलं, नाही. औषध फक्त नवीन रक्त तिच्यावर गोठू देत नाही. गुठळी मोठी होत नाही, जागची सुटत नाही आणि तेवढ्या वेळात शरीर तिला आपलं आपण खाऊन टाकतं. रस्ता मोकळा करायचं काम शरीराचं.

आईंना हे आवडलं. म्हणाल्या, म्हणजे हे औषध राखण करतं. मग विचारलं, "आणि हे बनवतात कशापासून?"

हंसाबाईंच्या हातात सुई तयार होती. त्यांनी तिच्यावर टोपण घातलं. माझ्याकडे पाहिलं नाही, आईंकडेच पाहिलं.

"डुकराच्या आतड्यापासून, बाई."

चहाचा कप माझ्या हातात तसाच. आईंनी साडीचा पदर पोटावर ओढून घेतला. मग विचारलं, घरात कुणाला माहीत होतं? मी म्हटलं, मला माहीत होतं, आणि बाबांना, आणि अभिषेकला. त्यांनी मान हलवली. फोन जवळ आणायला सांगितला.

डॉक्टरांशी त्या स्वतः बोलल्या. आम्हाला एकाच बाजूचं ऐकू येत होतं, पण नंतर त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. कारखान्यात तयार होणारं, जनावराशी संबंध नसलेलं एक औषध आहे, पण ते यवतमाळला मिळत नाही. नागपूरहून मागवलं तरी दोन दिवस लागतील, आणि तितक्या वेळात इंजेक्शन बंद ठेवणं धोक्याचं. गोळीचा अंमल अजून बसलेला नाही. आईंनी विचारलं, आत्ताचा डोस किती वेळ पुढे ढकलता येईल? डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तास, त्याहून जास्त नाही.

आईंनी घड्याळात पाहिलं. "हंसाबाई, तुम्ही ड्युटीवर जा. दहा वाजता येता येईल का?"

"येतो," हंसाबाई म्हणाल्या आणि गेल्या.

बाबांनी बोलायला सुरुवात केली, तर आईंनी हात वर करून थांबवलं. माझ्याकडे खोक्यातला कागद मागितला. पहिला बाबांच्या खिशात होता, पण दुसऱ्या खोक्यात तसलाच दुसरा निघाला. मी तो त्यांना ओळ न ओळ वाचून मराठीत सांगितला. कुठं अर्थ लागला नाही की त्या मला थांबवायच्या. एका इंजेक्शनला किती डुकरं लागतात, असंही त्यांनी विचारलं. कागदावर ते नव्हतं. मग त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या, पाय स्टुलावर. मला म्हणाल्या, तू ऑफिसला जा. मी गेले नाही. पोस्टमास्तरांना फोन करून अर्धी रजा टाकली आणि स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसले. बाबा अंगणात फेऱ्या मारत होते.

त्या दीड तासात त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी पुढं कधी सविस्तर सांगितलं नाही. मला एवढंच दिसलं की त्या रडल्या नाहीत आणि डोळे मिटून बसल्याही नाहीत. रस्त्यानं जाणाऱ्यांशी बोलत होत्या. शिंगाडे विकणाऱ्याशी भाव केला आणि अर्धा किलो घेतले. एकदा मी डोकावले तेव्हा त्या आपल्याच दोन्ही पायांकडे पाहत होत्या, आळीपाळीनं.

दहा वाजता हंसाबाई सायकल लावून आत आल्या. आईंनी आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं.

"मी हे इंजेक्शन घेणार आहे," त्या म्हणाल्या. "मला जगायचं आहे, आणि माझी कामं पडलेली आहेत. जनावर माझ्यासाठी मेलं हे मी नाकारणार नाही. मला माहीत नव्हतं असं पुढे कुणाला सांगणार नाही. माहीत असून घेते आहे."

मग बाबांकडे वळल्या. "पण तुम्ही माझ्या अंगात काय जातंय ते मला न सांगता जाऊ देत होता. मी नाही म्हणेन या भीतीनं. मी काय म्हणेन ते मला ठरवू द्यायचं होतं."

बाबा म्हणाले, "चुकलो."

"हो," आई म्हणाल्या. "चुकलात."

हंसाबाईंनी हात धुतले आणि इंजेक्शन दिलं. त्या निघाल्या तेव्हा आईंनी त्यांना थांबवून पानावर शिंगाडे दिले आणि आत, स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून खायला सांगितलं. पंधरा वर्षांच्या शेजारात हे पहिल्यांदा होत होतं. हंसाबाईंच्या घरी मटण शिजतं म्हणून खाण्यापिण्यासाठी तो ओटा कधी ओलांडला गेला नव्हता. कुणी तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. हंसाबाई क्षणभर उभ्याच राहिल्या. मग बसल्या, आणि चार शिंगाडे खाऊन, पाणी पिऊन गेल्या.

बाबांशी आई दोन दिवस कामापुरतंच बोलल्या. माझ्यावरचा राग त्यांनी वेगळ्या तऱ्हेनं काढला. मला रोज संध्याकाळी समोर बसवून गोळीच्या पाकिटातला कागदही मराठीत करून घेतला, आणि तो वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवला. त्यात होतं की पालेभाज्या एकदम वाढवू किंवा कमी करू नयेत, त्यानं गोळीचा अंमल बदलतो. मेथी ही त्यांची आवडती भाजी. त्यांनी आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, एकच वाटी असं बसवून टाकलं. तिसऱ्या दिवशी बाबा टेप घेऊन आले, तेव्हा त्यांनी पाय पुढे केला आणि म्हणाल्या, "आज किती?" दोन्ही पोटऱ्यांत अर्ध्या इंचाचा फरक राहिला होता. बाबांनी तो कॅलेंडरवर लिहिला आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. आईंनी मला खुणेनं सांगितलं, त्यांना चहा दे.

घरी आल्याच्या सातव्या दिवशी रक्ताच्या तपासणीचा आकडा हवा तिथं आला आणि इंजेक्शन थांबलं. शेवटचं इंजेक्शन दिल्यावर हंसाबाईंचा हात पुन्हा चोळायला पुढं झाला, आणि दोघी एकदमच हसल्या.

जानेवारीत आई पुन्हा मंगळवारच्या एसटीनं जायला लागल्या. पहिल्या वेळी मी सोबत गेले. गावात समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी टाकून बायका वाट पाहत होत्या. कुणी घरच्या तुरीच्या शेंगा आणल्या होत्या, कुणी बोरं. विमलताई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी आईंचा पाय हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, काय झालं होतं, बाई, पोरं तं म्हणत होती तुम्ही मरता मरता वाचल्या. आईंनी तिथं सगळं सांगितलं. गुठळी, इंजेक्शन, आणि ते कशापासून बनतं तेही. मी जरा अवघडले होते, कारण त्या गावातही महानुभाव घरं आहेत. विमलताईंनी ऐकलं, थोडा विचार केला आणि विचारलं, दुखत होतं का हो सुई टोचताना? आई म्हणाल्या, मुंगी चावल्यासारखं. मग विषय निराधारच्या अर्जावर गेला. त्या दिवशी अकरा अर्ज झाले. परतीच्या एसटीत मी खिडकीकडची जागा त्यांना दिली, पाय लांब करता यावा म्हणून, आणि दारव्हा रोडच्या वळणापर्यंत त्या झोपून गेल्या होत्या.

मे महिन्यात पुन्हा सोनोग्राफी झाली. शीर बहुतेक मोकळी झाली होती. भिंतीशी थोडा जुना भाग चिकटून राहिलेला होता आणि आतल्या झडपा थोड्या खराब झाल्या होत्या, त्यामुळे संध्याकाळी पाय थोडा सुजेल आणि तो आता कायमचा तसाच राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. घट्ट मोजा वर्षभर तरी घालायचा. चव्वेचाळीस डिग्रीत मांडीपर्यंतचा मोजा. आईंनी त्यावर एक उपाय काढला होता, त्या सकाळची सगळी कामं पाचलाच आटपून घ्यायच्या.

यवतमाळहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सरगुंडे, म्हणजे कणकेच्या वळ्यांचं उन्हाळी वाळवण, करायचे ठरले होते. आईंना खाली बसता येत नव्हतं, म्हणून त्या अंगणात खुर्चीवर, डावा पाय पाटावर, आणि आम्ही वाळत घालायला खाटेवर धुतलेलं धोतर अंथरून तिच्याजवळ खाली बसलो. मी, हंसाबाई आणि त्यांची जाऊ. आई कणकेचा गोळा हातात घेऊन दाबून बघायच्या आणि सांगायच्या, अजून तिंबायला हवी. हंसाबाई म्हणाल्या, बाई, तुमी शाळेत पन असंच बसून पोरांकडून करून घेत होत्या का? आई म्हणाल्या, शाळेत तर मी खुर्चीवर कधी बसलेच नाही, म्हणूनच हे पाय असे झाले असतील. बाबा केंद्रावरून आले, सायकल भिंतीला लावली आणि हात धुऊन खाटेच्या कडेला बसले. त्यांनी कणकेची एक वळी उचलून दोन अंगठ्यांत ओढली, ती मधेच तुटली.

"धागा कमी आहे," ते म्हणाले.

आईंनी त्यांच्या हातातले दोन्ही तुकडे काढून घेतले आणि त्यांना आत जाऊन जेवायला सांगितलं. सूर्य डोक्यावर यायच्या आत दोन खाटा भरल्या.